इंजिनाला वारा हवा

मे महिन्यात दुपारी परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघालं, की घाटाच्या पहिल्या काही वळणांतच एक दृश्य हमखास दिसतं. सागाच्या पानं झडलेल्या झाडाखाली शंभर सीसीची मोटारसायकल उभी असते. हँडलला पिशवी, टाकीवर आणखी एक पिशवी. नवरा वाकून इंजिनाकडे बघतोय, बायको ओढणीच्या टोकाने लेकराला वारा घालतेय. असंच एक कुटुंब मला एकदा भेटलं. नवऱ्याने पाण्याची बाटली उघडली होती आणि तो ती इंजिनावर ओतणार, एवढ्यात वरून उतरणारा एक मिस्त्री गाडी थांबवून ओरडला, "पाणी नका टाकू भाऊ! तिले तहान नाही लागली. तिले वारं नाही भेटून रायलं."

उन्हाळ्यात गाडी का तापते, याचं याहून नेमकं उत्तर मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. आपण सगळा दोष उन्हाला देतो. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा तसं वाटणं साहजिकच आहे. पण ऊन आणि वारा यांच्यातला मोठा गुन्हेगार कोण, हे साध्या बेरीज-वजाबाकीने शोधता येतं. तो हिशेब एकदा मांडून बघू.

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा बाहेर पडते. शंभर सीसीची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जाते आणि लिटरला ६० किलोमीटर देते असं धरलं, तर तासाला साधारण पाऊण-एक लिटर पेट्रोल जळतं. म्हणजे इंजिनात सतत सातेक किलोवॅटची भट्टी पेटलेली असते. त्यातला जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो. उरलेल्यापैकी जवळजवळ निम्मी उष्णता सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते, आणि दोन-अडीच किलोवॅट उष्णता सिलिंडरच्या अंगातून बाहेर पडावी लागते. आपल्या न्हाणीघरातला गीझर साधारण दोन किलोवॅटचा असतो. असा एक गीझर तुमच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये अखंड चालू आहे आणि त्याला पाण्याचा नळच जोडलेला नाही, अशी कल्पना करा. पाण्याचं काम तिथे हवेने करायचं असतं.

हवा हे काम मनाविरुद्ध करते. ती उष्णतेची वाईट वाहक आहे, म्हणून तर गोधडीत कोंडलेली हवा आपल्याला थंडीत ऊब देते. तिच्याकडून काम करून घ्यायचं तर दोन गोष्टी लागतात. तापलेल्या धातूचा पृष्ठभाग भरपूर हवा, आणि तापलेली हवा निघून जाऊन तिच्या जागी ताजी हवा सतत येत राहायला हवी. सिलिंडरभोवती कंगव्याच्या दातांसारख्या ज्या पातळ चकत्या असतात, त्या पहिल्या गोष्टीसाठी. मिस्त्री लोक त्यांना फिन्स म्हणतात, आपणही तेच म्हणू. दुसरी गोष्ट गाडीचा वेग पुरवतो.

आता उन्हाचा वाटा बघू. धातूतून हवेत किती उष्णता जाईल, हे दोघांच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. फिन्स १५० अंशांवर आहेत असं धरा. हिवाळ्यातल्या दुपारी हवा २५ अंशांवर असते, म्हणजे फरक १२५ चा. मे महिन्यात हवा ४५ वर, फरक १०५ चा. घट झाली २० अंशांची, म्हणजे साधारण सहाव्या हिश्शाची. ही तूट इंजिन स्वतःच भरून काढतं. फिन्स आणखी वीसेक अंश तापतात, फरक पुन्हा १२५ होतो आणि जमाखर्च जुळतो. निरोगी, नीट राखलेलं इंजिन हे वीस अंश सोसू शकतं. तसं नसतं, तर विदर्भात आणि राजस्थानात मे-जूनमध्ये एकही दुचाकी धावली नसती. राजस्थानातल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली, आणि त्या दिवशीही तिथल्या रस्त्यांवर हवेवर थंड होणाऱ्या गाड्या होत्याच. हवामान खात्याचा आकडा लाकडी पेटीतल्या सावलीतला असतो. डांबराच्या लगतची हवा, जी तुमच्या इंजिनाला लागते, ती त्याहून बरीच गरम असते. ती ५५ अंशांची धरली तरी तूट चौथ्या हिश्शाच्या आतच राहते.

पण वारा थांबला, की हिशेबच बदलतो. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात फिन्स जेवढी उष्णता टाकतात, तिचा अगदी थोडा अंश उभ्या गाडीच्या फिन्स टाकू शकतात. गाडी उभी असताना फिन्सच्या फटींतली हवा तापते, हळूहळू वर सरकते आणि तिची जागा घ्यायला आजूबाजूची हवा रमतगमत येते. ऊन सहावा हिस्सा पळवतं. वारा थांबला तर जवळजवळ सगळंच जातं. मिस्त्री म्हणाला ते हेच.

या वाऱ्यासाठी अभियंत्यांनी काय काय केलं, ते सांगण्याचा मोह मला आवरत नाही. विमानांच्या सुरुवातीच्या काळात फ्रान्समधल्या सेगँ बंधूंनी 'नोम' नावाचं इंजिन बनवलं. त्यात क्रँकशाफ्ट विमानाला पक्का बांधलेला आणि सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरणारे! विमान जमिनीवर उभं असलं तरी सिलिंडरांना वारा मिळालाच पाहिजे, यासाठी अख्खं इंजिनच फिरवायचं. पहिल्या महायुद्धात अशी इंजिनं लावलेली विमानं मोठ्या संख्येने लढली. त्याच युद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये फार्नबरो इथे गिब्सन आणि हेरन यांनी हवेवर थंड होणाऱ्या सिलिंडरांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि ओतीव लोखंडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचं हेड किती फायद्याचं आहे ते दाखवलं. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता लोखंडाच्या कितीतरी पट वेगाने वाहते. जुन्या बुलेटचा सिलिंडर ओतीव लोखंडाचा होता, आजही तिचे चाहते तिला 'कास्ट आयर्न' या नावानेच ओळखतात. ती गाडी रमतगमत चालवण्यासाठी होती आणि तिला तसंच चालवावं लागे.

आपल्या आकुर्डीत पूर्वी बनणाऱ्या पेट्रोलवरच्या बजाज चेतकने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. तिचं इंजिन मागच्या चाकाशेजारी फुगीर डिक्कीआड दडलेलं, समोरचा वारा तिथे पोहोचायला वावच नाही. म्हणून फ्लायव्हीलवर पंखा बसवलेला असे आणि पत्र्याच्या आवरणातून त्याचा वारा थेट फिन्सवर सोडलेला असे. आजच्या अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरांतही हीच युक्ती आहे. स्कूटर सिग्नलला उभी असतानाही तिचं इंजिन स्वतःला वारा घालत असतं. मोटारसायकलचं इंजिन उघड्यावर असतं, दिसायला मोकळं. पण गाडी थांबली की त्याचा वारा बंद.

आता चिखलदऱ्याच्या घाटात परत येऊ. पायथ्यापासून वरपर्यंत सुमारे ७०० मीटरची चढण आहे. गाडी, दोन माणसं, एक मूल आणि पिशव्या मिळून पावणेतीनशे किलो वजन तेवढं वर न्यायचं, तर नुसत्या चढण्यासाठी पाव लिटर पेट्रोल जास्तीचं जळतं. एरवी पंधरा किलोमीटरला पुरणारं हे पेट्रोल, आणि त्याची तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णताच होणार. गाडी दुसऱ्या गिअरला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळलेला, वेग जेमतेम २०-२५. भट्टी सगळ्यात जास्त पेटलेली आणि वारा सगळ्यात कमी. त्यात गरम वारा पाठीमागून येत असेल, तर गाडीचा वेग आणि वाऱ्याचा वेग एकमेकांना खाऊन टाकतात आणि इंजिनाभोवतीची हवा जवळजवळ थबकते. कसारा घाट असो नाहीतर चोर्ला, पाठचा वारा आणि पूर्ण भार असा योग आला की तिथेही हेच घडतं. सपाटीवर भर दुपारी शंभर किलोमीटर बिनतक्रार धावलेली गाडी पाच किलोमीटरच्या घाटात हात टेकते, ती यामुळे.

शहरात घाटाची जागा रेल्वेचं फाटक आणि सिग्नलची रांग घेते. फाटकाशी इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं उभं राहण्यात काहीच मिळत नाही. मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत हाफ क्लचवर गाडी ढकलत राहणं तर त्याहून वाईट, कारण मोटारसायकलच्या क्लचप्लेटा इंजिनच्याच तेलात बुडालेल्या असतात. घासून तयार झालेली उष्णता थेट तेलात उतरते.

त्या तेलाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात तेल हे निम्मं रेडिएटरच असतं. पिस्टनच्या पोटाशी जिथे वारा कधीच पोहोचणार नाही, तिथली उष्णता तेल उचलून खाली आणतं. शंभर सीसीच्या गाडीत ते एक लिटरच्या आसपास असतं. त्यातलं तीनशे मिली कमी झालं तर उरलेल्या तेलाला तीच हमाली जास्त वेळा करावी लागते. डब्यावर १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा. दुसरा आकडा १०० अंशांना तेल किती दाट राहतं ते सांगतो. उन्हाळ्यात आपल्या कामाचा आहे तो दुसरा. ४० अंशांवरून १०० अंशांवर जाताना तेल सहा-सात पटींनी पातळ होतं, आणि त्याच्या पुढे आणखी. गाडीच्या पुस्तिकेत दोन ग्रेड चालतील असं लिहिलं असेल, तर विदर्भ-खानदेशातल्या माणसाने उन्हाळ्यासाठी त्यातला दाट निवडावा. पुस्तिकेत नसलेला ग्रेड मनाने टाकू नये. चारचाकीचं उरलेलं तेल तर मुळीच नको. त्यातल्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि त्यांनी क्लच घसरायला लागतो. डब्यावर 'जासो एमए' ही खूण बघावी. हे जपानी मानक ओल्या क्लचच्या दुचाकींसाठीच आहे.

तेल पातळ झालं की इंजिन आपली खबर द्यायला लागतं, आणि ती ऐकण्याची सवय लावून घ्यावी. आधी टॅपेटचा आवाज वाढतो. न्यूट्रल लागेनासं होतं. मग गाडी ओढेनाशी होते. अ‍ॅक्सिलरेटर पिळला तरी जीव नाही. चढावर रेस दिली की आतून बारीक खडे पत्र्यावर टाकल्यासारखा कटकट आवाज येतो. याला मिस्त्री ठोका म्हणतात. ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच तापलेल्या कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून भडकतं, त्याचा हा आवाज. ठोका ऐकू आल्यावर पुढे रेटणं म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर हातोडा मारत राहणं. तिथेच अ‍ॅक्सिलरेटर सोडावा आणि जमेल तितक्या लवकर थांबावं.

न थांबलं तर काय होतं? पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, तो ज्या नळीत वर-खाली होतो ती लोखंडाची. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट फुगतं. ५० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन शंभर अंशांनी तापला तर तो एक दशांश मिलिमीटरहून थोडा जास्त फुगतो, नळी मात्र त्याच्या निम्मीच. दोघांमधली मूळ फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी. पिस्टन घडवताना या फुगण्याची सोय केलेली असते, पण तिला मर्यादा आहे. ती ओलांडली की फट संपते, तेलाचा पापुद्रा फाटतो, धातू धातूला चिकटतो आणि इंजिन सीझ होतं. धावत्या गाडीत हे घडलं तर मागचं चाक एकदम जाम होतं. त्या क्षणी एकच गोष्ट करायची असते, क्लच पूर्ण दाबायचा. चाक मोकळं होतं आणि गाडी हाती राहते. घाट चढताना पाठीमागून ट्रक येत असेल, तेव्हा ही एक हालचाल जीव वाचवते. घरच्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला, विशेषतः नव्याने शिकलेल्या मुलामुलींना, ती सांगून ठेवावी.

आता अशा एका कारणाकडे येतो ज्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ते आपण पैसे देऊन विकत घेतो. "जरा अ‍ॅव्हरेज काढून द्या" ही मागणी आपल्याकडे प्रत्येक गॅरेजात रोज होते. पेट्रोलचे दर बघता ती चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण कार्बुरेटरच्या गाडीत मिस्त्री काय करतो? सुईची क्लिप बदलून किंवा बारीक जेट घालून पेट्रोल कमी करतो. कारखान्याने भारावर चढताना थोडं जास्त पेट्रोल मिळेल अशी सोय मुद्दाम केलेली असते, कारण ते जास्तीचं पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता शोषतं. ते काढून घेतलं की जळणं जास्त गरम होतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजून निघतो. स्पार्क प्लग काढून पाहिला तर खरी गोष्ट लगेच कळते. टोकाचा चिनीमातीचा भाग बिस्किटाच्या रंगाचा असेल तर सगळं ठीक. काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक, कोरडा असेल तर मिश्रण उपाशी आहे, आणि अशी गाडी घेऊन मे महिन्यात घाट चढू नये. कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर सुकून चिरलं तरी बाहेरची हवा आत शिरते आणि हाच पांढरा रंग दिसतो. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टाकल्यावरही मिश्रण काहीसं उपाशी होतं, कारण इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं. ते सोसायला आधीची सेटिंग निदान कारखान्याची असावी. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत पेट्रोलचं माप बहुतेक ठिकाणी संगणक ठरवतो; तिथे 'अ‍ॅव्हरेज काढायला' काही उरलेलंच नाही.

दुसरं कारण फुकटात मिळतं, शेतातून. पावसाळ्यात विदर्भाची काळी माती फिन्सच्या फटींत भरते आणि उन्हाळ्यापर्यंत तिचा दगड होतो. बाहेरून धुतलेली गाडी चकचकीत दिसते, पण समोर बसून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर दोन फिन्समधली वाट बंद असते. त्यावर तेल गळत असेल तर मातीची गोधडीच तयार होते. इंजिन पूर्ण गार असताना बांबूची पातळ काडी, जुना ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन अर्धा तास बसलं की काम होतं. त्यानंतर साबणाचं पाणी. मला विचाराल तर उन्हाळ्याच्या तयारीत याहून मोलाचा अर्धा तास नाही. इंजिनापुढे लेगगार्डला बांधलेले फ्लेक्सचे तुकडे आणि प्लास्टिकचे पडदेही त्याच वेळी सोडावेत. ते वारा आपल्या पायांना लागू देत नाहीत, आणि फिन्सनाही. फिन्सवर चंदेरी रंगाचे थरावर थर चढवण्याचीही गरज नाही. मागचं चाक मेन स्टँडवर हाताने फिरवून बघावं. ब्रेक चिकटत असेल, चेन फार ताणलेली असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, तर इंजिन दिवसभर एक अदृश्य घाट चढत असतं.

कधीकधी मात्र इंजिन तापलेलंच नसतं आणि तरी गाडी बंद पडते. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. उन्हात उभ्या गाडीचा कार्बुरेटर किंवा पेट्रोलची नळी तापली की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. जुन्या अ‍ॅम्बेसेडरचे ड्रायव्हर पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे ते याचसाठी, आणि तिथे ती युक्ती बरोबर होती. तापल्यावर ठिणगी सोडणं बंद करणारी जुनी इग्निशन कॉइलही असाच चकवा देते. गाडी वीस मिनिटांत चालू होते, पुन्हा बंद पडते, आणि माणूस उगाच तेल बदलत बसतो. बंद पडल्या पडल्या प्लग काढून ठिणगी पाहिली, तर कॉइलचा उलगडा जागेवरच होतो.

पाण्यावर थंड होणाऱ्या गाड्या आपल्या रस्त्यांवर यामाहा आर-१५ ने २००८ पासून रुळवल्या. त्यांना उभं असतानाही वारा मिळतो, कारण रेडिएटरमागे पंखा असतो. पण कूलंट हे कुकरसारखं दाबाखाली असतं, म्हणूनच ते १२० अंशांच्या पुढेपर्यंत उकळत नाही. तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं, तर शिट्टी न काढता कुकर उघडल्यावर होतं तेच होतं, आणि चेहरा त्याच्या समोर असतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने रेडिएटर भरू नये. त्याच्या बारीक नळ्यांत तसाच पांढरा थर साचतो, जसा आपल्या पाणी तापवायच्या पातेल्यात साचतो.

घाटातल्या त्या कुटुंबाकडे मिस्त्री सुमारे तासभर थांबला. गाडी सावलीत, तोंड वाऱ्याकडे करून मेन स्टँडवर घेतली. अर्धा तास कशालाच हात लावला नाही. गरम सिलिंडरवर गार पाणी पडलं तर धातू एका बाजूने एकदम आकसतो आणि चीर जाऊ शकते, हे त्याने बाटली परत देताना समजावलं, आणि पाणी लेकराला पाजायला सांगितलं. इंजिनाला हात लावता येईल एवढं निवल्यावर त्याने तेलाची पट्टी काढून पुसली, न फिरवता नुसती टेकवून पुन्हा पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. स्वतःच्या डिक्कीतला अर्धा डबा त्याने ओतला. किक हाताने हळूच दाबून पाहिली; आत काही अडकत नव्हतं. मग एक काडी मोडून तो फिन्समधली माती उकरत बसला, आणि नवराही दुसरी काडी घेऊन शेजारी बसला.

खालून एक काळीपिवळी वर येत होती. बायको, लेकरू आणि दोन्ही पिशव्या तिच्यात बसल्या. नवरा एकटा गाडीवर निघाला. पहिल्या वळणापर्यंत आम्ही कान देऊन होतो. टॅपेटचा आवाज नेहमीएवढाच होता.